आडजात लाकडाची गोष्ट

लाकडाच्या वखारीत किंवा वनखात्याच्या लिलावात झाडांच्या दोनच जाती असतात : साग आणि आडजात. जंगलात ज्यांना वेगळी नावे, वेगळी फुले आणि वेगळे उपयोग असतात, ती ऐन, किंजळ, हेद, सावर, मोई, आंबा अशी कितीतरी झाडे या एका शब्दाखाली एकाच थप्पीला येऊन पडतात. सागाचा भाव घनफुटावर ठरतो, त्याची लांबी-गोलाई काटेकोर मोजली जाते. आडजात लाकडाकडे गिऱ्हाईक जरा नाक मुरडूनच पाहते. 'साग नाही' एवढीच त्याची ओळख.

या भेदाला आधार आहे, हे नाकारता येणार नाही. सागाची चौकट तीन पिढ्या उभी राहते आणि आंब्याच्या फळीला दोन-तीन पावसाळ्यांत भुंगा लागतो, हे घराघरांतल्या अनुभवाचे ज्ञान आहे. पण हा भेद निसर्गाने कायमचा ठरवून दिलेला आहे की माणसाला तो बदलता येतो, या प्रश्नावर गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षे पद्धतशीर संशोधन झाले आहे. त्यातला एक मोठा अध्याय आपल्या देशात लिहिला गेला. आडजात लाकडाला सागाइतके आयुष्य देणारे एक मिश्रण देहरादूनच्या प्रयोगशाळेत तयार झाले, तिथून ते जगभर गेले, आणि पुढे त्यातल्याच एका घटकामुळे अनेक देशांनी ते घराबाहेर काढले. ज्या देशात ते जन्मले, त्या देशाची सागावरची भिस्त मात्र कायम राहिली. असे का झाले, ते पाहायचे तर आधी लाकूड का कुजते इथून सुरुवात करावी लागेल.

लाकूड कुजते म्हणजे काय होते?

लाकूड केवळ वयाने मरत नाही. कोरड्या जागी ते शतकानुशतके टिकते आणि पूर्ण पाण्याखाली, हवा न मिळाल्यासही बराच काळ टिकते. त्याला खरा धोका आहे तो ओल आणि हवा एकत्र मिळण्याचा. लाकडातल्या पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर गेले, की बुरशीला त्यात जगता येते. जमिनीत पुरलेला खांब नेहमी जमिनीच्या पातळीशीच कुजून मोडतो तो यामुळे. वर तो कोरडा असतो, खोल खाली हवा कमी असते, आणि मधल्या वीतभर पट्ट्यात बुरशीला हवे ते सगळे मिळते. वाळवी आणि भुंगे यांची भर त्यावर.

झाड आपला बचाव स्वतः करते, पण तो फक्त गाभ्यात. सालीलगतचे पांढरट लाकूड जिवंतपणी पाणी वाहून नेण्याचे काम करते आणि त्यात पिठूळ द्रव्ये साठवलेली असतात. किड्यांना ते आवडते. जुने होत गेलेले आतले लाकूड गडद होते, त्यात झाड राळ, तेले, टॅनिन अशी कडवट द्रव्ये भरून ठेवते. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते, ते वाळवीला मानवत नाही. म्हणजे साग 'पक्का' असतो तो त्याच्या गाभ्यापुरता. सागाचे पांढरे लाकूड सावरीच्या लाकडाइतकेच सहज किडते, हे चांगला सुतार जाणतो आणि म्हणूनच ते तासून टाकतो.

आपल्या पूर्वजांना हे शास्त्र या शब्दांत ठाऊक नव्हते, पण व्यवहारात ठाऊक होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड निवडायला वनात कसे जावे यावर स्वतंत्र अध्याय आहे. लाकूड वद्य पक्षात तोडावे, बांबू तोडल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा, असे संकेत गावोगाव पाळले जात. बांबू भिजवण्यामागचे कारण आता नीट समजले आहे : पाण्यात त्यातली साखर आणि पिष्ट झिरपून जाते आणि भुंग्याला खायला काही उरत नाही. कोकणात होड्यांना माशाचे तेल आणि काजूच्या टरफलांचे तेल लावत. ब्रह्मदेशात साग तोडण्याआधी दोन-तीन वर्षे त्याच्या बुंध्याभोवती खोल खाच पाडून तो उभाच वाळू देत. असा वाळलेला ओंडका नदीत तरंगतो, ओला बुडतो.

मोठ्या कामाला मात्र सागच लागे. शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या रानातला साग आणला होता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या जहाजांना मलबारचा साग होता. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आजही तरंगते आहे. त्याचे लाकूड दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकले. सागाची कीर्ती फुकाची नव्हती. अडचण एवढीच, की अशी कीर्ती झाडाच्या जिवावर उठते.

रुळांखालचे जंगल

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. तिच्या वाफेचे, शिटीचे आणि लोकांच्या अचंब्याचे वर्णन आपण अनेकदा वाचले आहे. रुळांखाली काय होते याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. तिथे लाकूड होते. दर यार्डाला एक आडवा स्लीपर धरला, तरी एका मैलाला १,७६० स्लीपर लागतात. हे लाकूड उघड्यावर, मातीच्या लगत, पावसात आणि उन्हात राहायचे, म्हणजे कुजण्यासाठी याहून चांगली व्यवस्था करता आली नसती. साग, साल आणि देवदार यांचे स्लीपर दहा-पंधरा वर्षे टिकत. इतर झाडांचे काही वर्षांतच भुगा होऊन जात. म्हणजे रेल्वेला लाकूड एकदा पुरवून भागत नव्हते. जेवढा मार्ग बांधला, तेवढ्याची भूक दर काही वर्षांनी पुन्हा उभी राहायची.

ही भूक हिमालयापर्यंत पोचली. टिहरीच्या राजाकडून जंगलाचा ठेका घेऊन फ्रेडरिक विल्सन या इंग्रजाने भागीरथीच्या खोऱ्यातले देवदार कापले आणि नदीत सोडून मैदानात आणले. 'पहाडी विल्सन' या नावाने तो तिकडे दंतकथा होऊन राहिला. दक्षिणेत नीलांबूरला १८४० च्या दशकातच सागाची लागवड सुरू झाली होती, पण लावलेला साग कापायला येण्यास पन्नास-साठ वर्षे लागतात. तेवढी सवड कुणाकडे नव्हती. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला, १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला आणि १८७८ मध्ये त्याहून कडक दुसरा. या कायद्यांमागे एकच कारण नव्हते, पण रेल्वेला लागणारे टिकाऊ लाकूड हे त्यातले मोठे कारण होते.

त्याचा जाच कुणाला झाला, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जंगलखात्याला वगळले नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबाचा प्रश्न इतका पेटला, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची तर ऐनाच्या फांद्या आणि पालापाचोळा हवा. आणि सरकार म्हणे, झाडाला हात लावू नका. इथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. वखारीच्या दृष्टीने ऐन आडजात होता. ज्याच्या घरचा तांदूळ ऐनाच्या राखेवर पिकत होता, त्याला तो सागाहून मोलाचा होता. झाडाची 'जात' कोण पाहतो त्यावर ठरत होती.

पारा, जस्त आणि डांबर

साग, साल, देवदार पुरत नाहीत म्हटल्यावर दोन वाटा उरत होत्या. एक लोखंडाची, हिंदुस्थानात बिडाच्या वाटीसारखे स्लीपर पुष्कळ ठिकाणी वापरलेही गेले. दुसरी वाट, हलक्या लाकडाला टिकाऊ बनवण्याची.

युरोपात हा खटाटोप आधीच सुरू झाला होता. १८३२ मध्ये कायन याने रसकापुराच्या, म्हणजे पाऱ्याच्या एका क्षाराच्या द्रावणात लाकूड बुडवण्याचे पेटंट घेतले. १८३८ मध्ये बर्नेट याने जस्ताचा क्षार वापरला. फ्रान्समध्ये बूशेरीने मोरचुदाचे पाणी ओल्या ओंडक्याच्या एका टोकातून दाबाने आत सोडले, जेणेकरून झाडातला रस दुसऱ्या टोकाने बाहेर पडावा. १८३८ सालीच जॉन बेथेल याने जी पद्धत काढली ती आजही चालते. लोखंडी नळकांड्यात लाकूड भरायचे, झाकण लावून आतली हवा ओढून घ्यायची, मग दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे क्रिओसोट नावाचे तेल दाबाने आत ढकलायचे. लाकडाच्या पेशींमधली हवा गेलेली असते, त्यामुळे तेल खोलवर शिरते.

क्रिओसोटचे स्लीपर उत्तम टिकत. काही काळ तर बाल्टिक प्रदेशातले पाईनचे लाकूड इंग्लंडमध्ये क्रिओसोट पाजून जहाजाने हिंदुस्थानात येत असे. सह्याद्री आणि हिमालय असलेल्या देशात परदेशातले पाईन यावे, ही गोष्ट विचित्र वाटते. पण लाकडापेक्षा त्याला टिकवण्याची विद्या तेव्हा दुर्मीळ होती, असा त्याचा अर्थ. क्रिओसोटचे दोषही होते. तेल महाग, वास उग्र, आणि असे लाकूड घरात वापरता येईना, त्यावर रंग बसेना. उलट जस्त आणि मोरचूद हे क्षार स्वस्त आणि स्वच्छ, पण ते पाण्यात विरघळतात. लंडनच्या रिमझिम पावसात ते काही वर्षे तग धरत. आपल्या पावसाळ्यात एका हंगामात धुऊन निघत.

म्हणजे प्रश्न नेमका असा झाला : पाण्यात विरघळून लाकडात शिरेल आणि शिरल्यावर मात्र पाण्याने निघणार नाही, असे द्रव्य मिळेल का?

देहरादूनचे 'स्मशान'

१८७८ मध्ये देहरादूनला वनशाळा निघाली होती. १९०६ मध्ये तिथे इंपीरियल फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट स्थापन झाली. आज पर्यटक जी भव्य विटांची इमारत पाहायला जातात तिचे उद्घाटन पुढे १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. इमारतीपेक्षा तिथले काम मोठे होते. लाकूड किती भार सोसते, किती आकसते, कसे वाळवावे, कशाने टिकते, याचे वेगवेगळे विभाग तिथे उभे राहिले. आर. एस. पिअर्सन यांनी हलक्या जातींचे लाकूड जंतुनाशक द्रव्यांनी टिकवण्याचे प्रयोग हाती घेतले, १९१२ मध्ये त्यावर टिपण प्रसिद्ध केले आणि प्रक्रिया केलेले स्लीपर प्रत्यक्ष रेल्वेमार्गांवर अंथरून त्यांचे काय होते याच्या नोंदी ठेवल्या. पुढे ते इंग्लंडच्या प्रिन्सेस रिसबरो येथील लाकूड संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. विद्या नेहमी विलायतेतूनच इकडे आली असे समजण्याची आपली सवय आहे. इथे ती उलट दिशेनेही गेली.

एस. एन. कपूर यांनी लाकूड मुरवण्यावर, म्हणजे ते न फाटता, न वाकता कसे सुकवावे यावर, १९३४ मध्ये मार्गदर्शक पुस्तक लिहिले. आडजात लाकडाची अर्धी बदनामी तर नीट न सुकवल्यामुळेच होती. साग आकसतो कमी, त्यामुळे तो घाई पोटात घालतो. ऐन किंवा हेद कच्चे असताना चौकटीत बसवले तर वर्षभरात ते पीळ घेतात आणि दोष झाडाच्या माथी बसतो.

टिकाऊपणा मोजण्याची देहरादूनची पद्धत साधी होती. प्रत्येक जातीच्या गाभ्याचे सारख्या मापाचे खुंट करायचे, उघड्या मैदानात ओळीने अर्धे जमिनीत पुरायचे आणि ठरलेल्या काळाने उपटून पाहायचे. अशा मैदानाला या क्षेत्रातले लोक स्मशान म्हणतात. या कसोटीतूनच पुढे भारतीय मानकातली वर्गवारी आली : सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गाचे, ६० ते १२० महिने दुसऱ्या, आणि ६० महिन्यांच्या आत संपणारे तिसऱ्या वर्गाचे. साग, साल, देवदार पहिल्या वर्गात आले. आंबा, सावर, चीड तिसऱ्यात.

पण त्याच प्रयोगांतून दुसरी एक वर्गवारी निघाली, आणि ती पहिलीच्या जवळजवळ उलटी होती : कोणते लाकूड औषध किती पिते? सागाचा किंवा सालाचा गाभा औषध पीतच नाही. त्याच्या पेशी राळेने आणि गाठींनी बुजलेल्या असतात. चीड आणि आंबा घटाघटा पितात. ज्या मोकळेपणामुळे बुरशी सहज शिरते, त्याच मोकळेपणामुळे औषधही सहज शिरते. तिसऱ्या वर्गातले झाड प्रक्रियेनंतर पहिल्या वर्गाच्या पंक्तीला बसू शकते, हे इथे सिद्ध झाले. १९२० च्या दशकात पंजाबात धिलवानला नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने क्रिओसोट पाजण्याचा कारखाना घातला आणि हिमालयातल्या चिडाचे स्लीपर रुळांखाली जाऊ लागले.

मोरचूद, सोमल आणि कामेसम

क्षार धुऊन जाण्याचा प्रश्न मात्र उरलाच होता. तो सोडवणाऱ्या माणसाचे नाव सोंटी कामेसम. देहरादूनच्या लाकूड-संरक्षण विभागात ते काम करत होते. जर्मनीतल्या हान म्युंडेन इथले बुरशीतज्ज्ञ रिचर्ड फाल्क यांच्याबरोबर त्यांनी आधी सोमल असलेले एक मिश्रण तयार केले होते. दोघांची नावे जोडून त्याला 'फाल्कामेसम' म्हणत. फाल्क ज्यू होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांना देश सोडावा लागला.

त्याच १९३३ साली कामेसम यांनी पुढचे पाऊल टाकले. स्कॉटलंडमध्ये गन यांनी मोरचूद आणि क्रोमियमचा क्षार एकत्र वापरून पाहिला होता. क्रोमियममुळे तांबे लाकडाला चिकटून राहते, हे त्यातून दिसले. पण काही बुरशा तांब्याला दाद देत नाहीत आणि वाळवीला आवर घालायलाही तांबे पुरेसे नाही. कामेसम यांनी त्यात सोमल आणले. त्यांच्या मिश्रणाचे भारतीय मानकात नोंदलेले प्रमाण असे : एक भाग आर्सेनिक पेंटॉक्साइड, तीन भाग मोरचूद, चार भाग डायक्रोमेट. आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याचे नाव पडले 'अस्कू'.

यातली खुबी चार भाग डायक्रोमेटमध्ये आहे. ते बुरशीला मारण्यासाठी मुख्यतः नाही. तिन्ही क्षार पाण्यात विरघळतात आणि दाबाखाली लाकडात शिरतात. तिथे लाकडातल्याच शर्करा आणि लिग्निन यांच्याशी डायक्रोमेटची क्रिया होते, क्रोमियमचे रूप पालटते आणि काही दिवसांत तांबे, सोमल व क्रोमियम यांची न विरघळणारी संयुगे पेशींच्या भिंतींत घट्ट बसतात. म्हणजे कुलूप बाहेरून लावायचे नाही, लाकूडच ते आतून लावून घेते. वर लाकूड कोरडे, बिनवासाचे, किंचित हिरवट आणि रंग स्वीकारणारे. पावसाळी देशाच्या गरजेतून निघालेले हे उत्तर होते. १९३८ मध्ये कामेसम यांना त्याचे अमेरिकन पेटंट मिळाले.

जगाने काय केले

दुसऱ्या महायुद्धानंतर हे मिश्रण वेगवेगळ्या नावांनी आणि थोड्या वेगळ्या प्रमाणांत इंग्लंड, स्वीडन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे पसरले. इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून त्याला 'सीसीए' म्हणू लागले. विजेचे खांब, कुंपणे, गच्च्या, धक्के, मुलांच्या बागेतल्या घसरगुंड्या, सगळीकडे हिरवट लाकूड दिसू लागले.

न्यूझीलंडचे उदाहरण बोलके आहे. तिथले कौरी आणि टोटारा हे देशी वृक्ष सागासारखे टिकाऊ, आणि म्हणूनच वसाहतकाळात बेसुमार कापले गेलेले. त्या देशाने रेडिएटा पाईन हे परदेशी, झपाट्याने वाढणारे आणि जमिनीत पुरल्यास लवकर कुजणारे झाड मोठ्या प्रमाणावर लावले. पाईनला घराबाहेरच्या कामाच्या लायकीचे केले ते प्रामुख्याने सीसीएने, १९५० च्या दशकापासून. लागवडीच्या हलक्या लाकडावर देशाची गरज भागू लागल्यामुळे देशी जंगले सोडून देणे शक्य झाले. सरकारी मालकीच्या देशी जंगलांतली तोड २००२ मध्ये थांबली. त्यामागे लोकचळवळ होती, राजकारण होते. पण हाताशी पर्यायी लाकूड नसते तर चळवळीची वाट फार अवघड झाली असती.

आपल्याकडेही अस्कू वापरले गेले. विजेच्या खांबांना, शीतक मनोऱ्यांना, काही इमारतींना. ते घरबांधणीच्या मुख्य प्रवाहात मात्र कधी आले नाही. त्याची कारणे शोधायला फार लांब जायला नको. दाबयंत्राचा कारखाना काढायला भांडवल लागते आणि आपला लाकूडधंदा छोट्या वखारींचा. प्रक्रिया केलेले लाकूड खरे की नुसते हिरवे पाणी मारलेले, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. सागाचा गाभा मात्र रंगाने, वासाने, वजनाने आपली ग्वाही स्वतः देतो. जिथे मालाच्या शिक्क्यावर विश्वास नसतो, तिथे माणूस डोळ्यांना पटणारी वस्तू घेतो. आणि तिसरे कारण मनातले. सागाचा दरवाजा ही आपल्याकडे नुसती सोय नाही, प्रतिष्ठा आहे.

सोमलाचा हिशेब

दरम्यान बाहेर दुसरेच काही घडत होते. पेशीत घट्ट बसलेले सोमल पावसाने सहसा निघत नाही, पण अजिबात निघत नाही असे नाही. थोडे मातीत उतरते, थोडे हाताला लागते. लाकूड जळले की हिशेब फारच बदलतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कुटुंबाने हिवाळ्यात ऊब मिळवण्यासाठी असे टाकाऊ लाकूड जाळले आणि घरातल्या सगळ्यांना आर्सेनिकची विषबाधा झाली. १९८४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. पुढे मुलांच्या खेळण्याच्या साधनांवरून मोठी चर्चा झाली. २००२ मध्ये घोषणा होऊन ३१ डिसेंबर २००३ नंतर अमेरिकेत घरगुती वापरासाठी सीसीएची प्रक्रिया थांबवण्यात आली. युरोपने आणि ऑस्ट्रेलियाने पुढच्या काही वर्षांत बंधने घातली. न्यूझीलंडच्या द्राक्षमळ्यांतले जुने खांब आता कुठे टाकायचे, हा तिथल्या शेतकऱ्यांपुढचा खरा प्रश्न आहे. जे जाळता येत नाही, पुरता येत नाही आणि कुजतही नाही, त्याचे करायचे काय?

यावरून कामेसम यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढचा प्रश्न होता रुळांखालचा आणि तारेखालचा. अंगणातल्या घसरगुंडीचा नव्हता. टिकाऊपणा विकत घेतला की त्याची किंमत कुणीतरी, कुठेतरी मोजतेच, एवढे या इतिहासातून दिसते. सागाची किंमत डोंगराने आणि राबासाठी फांदी तोडणाऱ्याने मोजली. क्रिओसोटची आणि सोमलाची किंमत कारखान्यातल्या मजुराने, मातीने आणि शेवटी ते लाकूड चुलीत घालणाऱ्याने. आपल्या देशात टाकून दिलेले लाकूड बहुधा गरिबाच्या चुलीपर्यंत जाते, ही गोष्ट म्हणूनच फार गंभीर आहे.

पुन्हा साग

रेल्वेने १९७० च्या दशकापासून काँक्रीटचे स्लीपर स्वीकारले आणि ज्या भुकेने हे सारे सुरू झाले ती भूकच मिटली. जंगलावरचा ताण तरीही सरला नव्हता. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर बंदी घातली. ती २०२० मध्ये उठली. १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर आराखड्याशिवाय होणारी जंगलतोड थांबवली. देशी साग कमी पडला, तेव्हा आपण तो बाहेरून आणला, आधी मुख्यतः म्यानमारमधून. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडींचा साग वाढला. तो कोवळा, त्यात पांढऱ्या लाकडाचे प्रमाण जास्त, गाभा कमी. नाव सागाचे, गुण बरेचसे आडजातीचे. तरीही गिऱ्हाईक नावालाच पैसे मोजते. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचा साग समारंभाने रवाना झाला, तेव्हा विदर्भाला वाटलेला अभिमान खरा होता. सागाचे स्थान आजही किती वरचे आहे, हेही त्यातून दिसले.

दुसरी बाजूही आहे. केरळात रबराचे झाड चीक संपला की जळणाला जायचे. लाकूड पांढरे, तोडल्यावर काही दिवसांतच बुरशीने काळवंडणारे. टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात त्याची प्रक्रिया करून, भट्टीत सुकवून, त्यापासून फर्निचर होऊ लागले. टाकणखार पाण्यात विरघळतो, म्हणून ते घरातच वापरायचे. पण घरातल्या वापराला सोमलाची गरजच नसते. प्रत्येक जागेला पुरेल तेवढेच संरक्षण द्यावे, ही समज या कामात आली आहे. परदेशात त्यापुढे जाऊन लाकडाला विष न पाजता त्याचा स्वभाव बदलण्याचे प्रयत्न चालले आहेत. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात लाकूड दोनशे अंशांच्या आसपास वाफेत तापवून टिकाऊ करण्याची पद्धत बाजारात आली. नेदरलँड्समधल्या आर्नहेम इथे २००७ पासून शिरक्याशी नाते असलेल्या एका रसायनाने पाईनच्या पेशी अशा बदलल्या जातात, की त्या पाणी धरत नाहीत. पाणी नाही म्हणून बुरशी नाही. विष घालून शत्रूला मारण्याऐवजी त्याला राहायला जागाच न देणे, अशी ही रीत. आपले लोक बांबू ओढ्यात भिजवून भुंग्याचे खाणे काढून घेत होते, त्याच जातीची.

या पद्धती आज महाग आहेत आणि आपल्या उन्हापावसात, आपल्या वाळवीपुढे त्या किती टिकतात हे पाहायला आपलेच खुंट आपल्याच मातीत पुरावे लागतील. देहरादूनच्या स्मशानाने शिकवलेली रीत तीच आहे : मत देण्याआधी लाकूड पुरा आणि वाट पाहा. त्या रीतीने नव्वद वर्षांपूर्वी दाखवून दिले, की आडजात ही झाडाची कायमची जात नाही. त्याला नीट सुकवले नाही, नीट जपले नाही, याची ती नोंद आहे. वखारीतल्या वहीत अजून तोच शब्द चालू आहे. ऐन, किंजळ आणि हेद त्यांच्या त्यांच्या नावांनी विकले जाऊ लागतील, तेव्हा तो खोडायला हरकत नाही.